सांगड

पुलाच्या तोंडाशी बैलगाडी अडली. गाडीवर होडी होती आणि होडी पुलापेक्षा रुंद होती.

खरं म्हणजे त्या दोन होड्या. शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की त्यांची सांगड होते. या सांगडीवरून पनवेलच्या खाडीत माणसं, गाड्या, एकदा तर आख्खं वऱ्हाड पलीकडे गेलं होतं. मग पूल झाला आणि सांगड काठावर सुकत पडली. आता ती कर्नाळ्याच्या पुढे, अजून पूल नसलेल्या नदीवर चालली होती. पुलावरून चालली होती, कारण आता सगळेच पुलावरून जात.

गाडीवान महमूद खाली उतरला. त्यानं कठडा पाहिला, होडी पाहिली.

"या अल्ला! दोर सोडा. एकेक होडी नेऊ. दोन खेपांत काम तमाम."

गाडीच्या दोन बाजूंना दोन भाऊ उभे होते. डावी होडी थोरल्या तुळशीरामची, उजवी धाकट्या जगनची. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. तो कुणामुळं शिवला नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. सांगड मात्र चालत राहिली. काय सांगायचं ते दोघे उतारूंमार्फत सांगत. उतारूंनाही सवय झाली होती.

"त्याला सांग," तुळशीराम महमूदला म्हणाला, "सुटी केली का ज्यानं त्यानं आपली घेऊन जावं. मी नाय आडवा येत."

"त्याला सांग," जगन म्हणाला, "गाठ त्यानं मारलीय. त्यानंच सोडावी."

दोघांनी एकमेकांचं ऐकलं होतं. तरी महमूदनं दोन्ही निरोप नीट पोचवले.

गाठीला कुणी हात लावला नाही. मागं एस.टी. येऊन भोंगा वाजवू लागली.

"मग पाण्यातनं न्या!" महमूद वैतागला.

दोघांनी एकदमच पाण्याकडं पाहिलं. हे कुणाला सुचलंच नव्हतं.

उतारावरून गाडी उलटी पाण्यात घातली. सांगड गाडीवरून उचलली गेली आणि तरंगली. मग गाडी सांगडीवर चढवली, बैलांसकट. महमूद पाण्याला भ्यायचा. तो पुलावरून चालत गेला.

खाडीच्या मध्यावर काहीतरी करकरलं. उन्हात सुकलेला काथ्या सैल पडला होता. दोन होड्यांच्या मधे पाणी दिसू लागलं. वरच्या फळ्या सरकल्या.

तुळशीरामनं इकडंतिकडं पाहिलं. उतारू कुणी नव्हता.

"त्याला सांग," तो जवळच्या बैलाला म्हणाला, "दोर सुटतोय. आवळ म्हनावं."

बैल रवंथ करत राहिला.

जगन वल्हं धरून उभा होता. त्यानं ऐकलं होतं. पण निरोप आला नव्हता.

फट हातभर झाली. गाडीचं एक चाक खाली कललं.

"सांग रे बाबा," तुळशीरामचा आवाज फाटला. "दोगंच उरलोय आमी."

बैलानं मान हलवली. गळ्यातली घंटा वाजली.

"कळलं म्हनावं," जगन म्हणाला आणि फळीवर पालथा पडून त्यानं दोर ओढला. समोरून तुळशीरामनं ओढला. होड्या एकमेकींवर आदळल्या आणि गप झाल्या.

पलीकडच्या काठावर महमूद वाट बघत होता. गाडी खाली उतरली, सांगड पुन्हा गाडीवर चढली. तरी दोघे भाऊ बैलापाशीच घुटमळत राहिले.

"महमूद," तुळशीराम शेवटी म्हणाला, "ह्यो बैल देतोस काय?"

"कोणाला?"

"आमाला," दोघे एकदमच म्हणाले.