निष्ठावंत बाकडं

"ताई, फुटत नाही हो हे!" मजुरानं घण खाली टाकला.

एरवी ही तक्रार ऐकून कुंदानं पेढे वाटले असते. चिनी मातीचं बाकडं शंभर वर्षं टिकेल म्हणाली, तेव्हा लोक तिला 'कपबशीवाली' म्हणून हसले होते. चार वर्षं भट्टीशी झुंजून केलेलं हे पहिलंच बाकडं नगरसेवक पोपटरावांनी बागेत बसवून घेतलं. त्यांच्याच हट्टानं तिनं बाकड्याच्या पाठीवर अक्षरंही भाजून पक्की केली : 'अण्णासाहेबांचे निष्ठावंत पोपटराव यांच्या सौजन्याने'.

परवा पोपटरावांनी पक्ष बदलला.

"खरवडून झालं, रंग फासून झाला. पाणी पडलं की अण्णासाहेब पुन्हा हजर!" पोपटराव घाम पुसत म्हणाले. "संध्याकाळी नवे साहेब बागेत येतायत. कुंदाताई, बनवलंत तुम्ही, आता कुठं मारायचं तेही तुम्हीच सांगा. पुढची वीस बाकडी तुमचीच."

कुंदानं बाकड्यावरून एकदा हात फिरवला. मग मागच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"इथं मारा, भाऊ."

एका घावात बाकडं दुभंगलं.

वीस बाकड्यांचं चित्र तिनं त्याच आठवड्यात काढून दिलं. 'निष्ठावंत पोपटराव' ही अक्षरं पूर्वीसारखीच भाजून पक्की करायची होती. साहेबांच्या नावाची फरशी तेवढी तिनं चार स्क्रूंवर बसवली होती.