सरांचा अंदाज

"उभी काय राहिलीस? कागद दे," सर म्हणाले.

एकाहत्तर साली मी त्यांच्याकडे गणितात पीएचडी करत होते. त्यांनी बारा वर्षांपूर्वी मांडलेला एक अंदाज सिद्ध करायचं काम माझ्याकडे होतं. तीन वर्षं झटूनही जमेना, आणि अखेर सापडलं ते त्यालाच खोटं पाडणारं उदाहरण: सात ओळी, सात स्तंभांची आकड्यांची मांडणी. सरांचा अंदाज मोडला की माझी पीएचडीही गेली, अशा भीतीनं मी त्यांच्या घरी आले होते.

सरांनी पेन्सिलीनं एकेक आकडा तपासला, पुन्हा तपासला, आणि ते ताडकन उठले.

"अगं, शिरा टाक!" स्वयंपाकघराकडे वळून ते ओरडले. "या पोरीनं मला चूक ठरवलं! साफ चूक! झाला हिचा प्रबंध!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, लग्न झाल्यापासून मी रोज तुम्हाला चूक ठरवतेय. माझ्यासाठी कधी शिरा टाकलात?"

त्या दिवशी शिरा सरांनीच केला. गुठळ्याच गुठळ्या होत्या. मी तीनदा मागून घेतला.