नऊ गैरहजर

पेनाचं टोपण काढून झालं होतं. यादीत तृतीय वर्षाची नऊ नावं होती, खाली विभागप्रमुखांची सही तेवढी राहिली होती. कागद पाचच्या आत ऑफिसात गेला की ही नऊ मुलं परीक्षेला बसणार नव्हती. तेवढ्यात यादीतलं सहावं नाव दारात येऊन उभं राहिलं.

"मॅडम, सही करू नका ना."

"हजेरी किती तुझी, संचिता?"

"सुशांत सरांच्या पेपरला एकोणतीस टक्के."

"लागते पंचाहत्तर. मधले शेहेचाळीस मी कुठून आणू गं?"

नऊही जण सुशांत सरांच्याच पेपरला कमी पडले होते. सरांचा आवाज एकसुरी. मुलं तिथे बसत नाहीत याचं विभागप्रमुख सुमतीबाई वर्तकांना नवल वाटलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी कल्याणच्या या कॉलेजात इजिप्तचं पुरातत्त्व शिकवलं, आणि तेहतीस याद्यांवर सह्या केल्या. ही चौतिसावी, शेवटची. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्याबरोबर विषयही.

पहिल्या वर्षाला त्या अजून मोठ्या हॉलमध्ये पडदे ओढून जुन्या प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवत. अंधारात हजेरी घेत नसत. "निम्मी झोपतात," त्या म्हणत, "उरलेल्यांची तोंडं मोबाइलच्या उजेडात दिसतात."

लाडकी स्लाइड चुनखडीच्या एका ढलपीची होती. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचा हजेरीपट, बत्तीसशे वर्षांपूर्वीचा.

सेबा. गैरहजर. विंचू चावला.

हुयनेफर. गैरहजर. डोळा दुखतो.

कोणी एक. गैरहजर. घरी बियर गाळत होता.

हेहनेखू. गैरहजर. आईचं प्रेत कापडात गुंडाळत होता.

बियरला हॉल हसायचा. हेहनेखूला कुठेतरी एखादं हसू मध्येच थांबायचं. त्या थांबण्यासाठी त्या चौतीस वर्षं पडदे ओढत आल्या होत्या.

हल्ली त्या स्वतःचाही पट मांडत.

सुमती, १९९२. नाईलच्या पश्चिम काठावर खापरं मोजत होती, चाळीस दिवस. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला गैरहजर.

सुमती, २००१. प्रबंधाची शेवटची रेखाटनं शाईने पक्की करत होती. सासऱ्यांच्या दहाव्याला गैरहजर.

सुमती, २०२०. हजर. वर्ग गैरहजर. ठाकुर्लीच्या बाल्कनीत फोनसमोर बोलत होती, फोनमध्ये काळे चौकोन. त्या वर्षी आपण शिकवलं की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"मॅडम, तुमचा तो इजिप्तचा कारकून कारण लिहायचा," संचिता म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

सुमतीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरं, विचारते. दिव्याहून येतेस ना? सकाळी पाणी नसतं?"

"नसतंच. पण ते कारण नाही."

"घरी कोणी आजारी?"

"नाही."

"मग मुलगाबिलगा?"

"मॅडम!" संचिताला हसू आलं. मग ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सांगितलं तर ओरडाल."

"ओरडणारच आहे. आधी सांग."

"मंगळवार-शुक्रवार आठला सरांचं लेक्चर असतं. त्याच वेळी खाली हॉलमध्ये एफवायला तुमचं. मी तिकडे बसायचे, शेवटच्या रांगेत. आमचं एफवाय लॉकडाऊनमध्ये गेलेलं ना. घरात एक फोन, आम्ही तिघं भावंडं. तुमचा आवाज यायचा आणि चित्र अडकायचं. तुम्ही म्हणायचात, 'हे बघा, हे बघा', आणि आमच्याकडे नुसतं गोल फिरत राहायचं. आता तुम्ही चाललात. एकदा बघायचं होतं, काय दाखवत होतात ते."

ऐकायला फार बरं वाटलं, म्हणूनच सुमतीबाईंचा विश्वास बसेना. यादीच्या दिवशी त्यांनी पुष्कळ आज्या वारलेल्या ऐकल्या होत्या. एकाच मुलाच्या तीन-तीन.

"पुरावा?"

संचिताने जरा विचार केला. "शेतातल्या कापणीच्या चित्राची स्लाइड डावी-उजवी उलटी लागलीय. जानेवारीपासून."

"काहीतरीच काय!"

"त्यात सगळे डावखुरे आहेत, मॅडम. माझी आजी मुरबाडला भात कापते. विळ्याला धारच अशी असते, की डाव्या हाताने नीट कापता येत नाही. अख्ख्या शेतात एकही उजव्या हाताचा नाही, असं कसं होईल?"

सुमतीबाई उठल्या. स्लाइडचा ट्रे कपाटातून काढून त्यांनी खिडकीशी नेला. सरळ बाजू कळावी म्हणून चौकटींवर लावलेले लाल ठिपके एका रांगेत होते. कापणीचा तेवढा भलत्याच कोपऱ्यात. जानेवारीत प्रोजेक्टर अडकला होता. घाईत ती स्लाइड त्यांनीच पुन्हा बसवली होती, आणि नंतर दर वेळी पडद्याकडे पाठ करून तोंडपाठ शिकवली होती. वर्गातून कोणी कधी एक शब्द काढला नव्हता.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"हाकलून दिलं असतंत."

दिलंच असतं. सुमतीबाई खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग सहाव्या नावावर रेघ मारून त्यांनी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : माझ्या वर्गात हजर होती.

"जा आता. अभ्यासाला लाग."

संचिता जागची हलली नाही.

"आता काय गं?"

"मॅडम, बाकीचे आठही तिथेच होते."