आजचं चित्र

वर्षभर मी रोज एक स्केच काढून आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकत होते. खाली तारीख आणि एक ओळ. एकही खाडा नाही, आणि सगळं समोर बघून काढलेलं, असं मीच मिरवायचे. आता आठवलं तरी मान खाली जाते.

यंदा दिवाळीला सासरी, देवगडजवळच्या गावी जायचं होतं. तिथे फराळ आणि पाहुण्यांच्या गडबडीत वही कुठली उघडणार? म्हणून निघायच्या आदल्या रविवारी मोबाईलमधल्या फोटोंवरून आठ स्केचेस उरकली आणि प्रत्येकावर पुढची एकेक तारीख घालून ठेवली.

"हे चीटिंग आहे ना गं?" हर्षद, माझा नवरा, म्हणाला.

"कोणाला कळणारे?" मी म्हटलं.

गावात रेंज फक्त विहिरीपाशी. रोज सकाळी तिथे उभं राहायचं, त्या दिवसाचं चित्र टाकायचं आणि फोन बंद करून घरी पळायचं. ग्रुपवर बाकी काय चाललंय, ते मी वाचतच नव्हते.

पाडव्याच्या दिवशी तळमजल्यावरच्या बाळकाकांचं स्केच टाकलं. खाली लिहिलं, "आज सकाळी काका गेटजवळच्या बाकावर भेटले. म्हटलं, पाच मिनिटं बसा, काढते तुम्हाला."

फोन बंद करणार, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, ऋताचा मेसेज आला.



"ताई, बाबा परवा गेले. तुम्हाला आज कुठे भेटले?"