सहाशे ग्रॅम

कुकरची शिट्टी झाली आणि आठही पोरींचे डोळे एकदम उघडले.

"मिटा डोळे," रीना म्हणाली. "शिट्टी होईल, कुत्रं भुंकेल, रस्त्यानं ट्रॅक्टर जाईल. आपण नाकापाशीच थांबायचं. श्वास आला, श्वास गेला. बास."

डोळे मिटले. पण वरणाचा वास ओसरीभर पसरला होता, आणि कडेच्या गादीवर बसलेल्या आचलनं काहीतरी गिळलेलं रीनाला दिसलं. तोंडात गिळण्यासारखं काही नव्हतं.

गाद्या घरच्याच. पोत्यांत धानाचं तणस भरून वर ताडपत्री शिवलेली. नागभीडमधल्या या ओसरीत ज्युदो शिकून निघालेली एकही पोरगी अजून राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली नव्हती. आचल जाईल असं वाटत होतं. उद्या सकाळी आठला चंद्रपुरात जिल्हा स्पर्धेचं वजन. छत्तीस किलोच्या आत बसली, तर त्या गटात तिला पाडणारी जिल्ह्यात कोणी नव्हती. नाही बसली, तर चाळीसचा गट. तिथल्या एकीनं गेल्या वर्षी सरावातच तिचा खांदा निखळवला होता.

आज सकाळी धनराजभाऊच्या दुकानात धानाच्या काट्यावर तिला उभी केली होती. छत्तीस सहाशे.

"मॅडम, धानाचा कट्टा चाळीस किलोचा असते," धनराजभाऊ हसला. "पोरगी कट्ट्याएवढी नाई भरत, अन् तुमी कमी करून राह्यल्या?"

रीनाही हसली होती. आचल मात्र काट्यावरचे आकडे बघत राहिली. तेव्हापासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

वर्ग सुटला. बाकीच्या सात जणी चपला शोधत, ढकलाढकली करत पांगल्या. आचलनं घाम निघावा म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवला आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. रीना आपल्या चार वर्षांच्या सोनूचं ताट घेऊन पायरीवर टेकली. पाडायला शिकवण्याआधी पडायला शिकवायचं, चिडून कोणी जिंकत नाही, मन गादीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. हे सगळं ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पण आज उपाशी पोरीला श्वासाकडे बघ म्हणताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला होता.

फाटक वाजलं. आचलची आई, कुंता. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"सकायपासून उपाशी हाय म्हणते. खरं हाय का, मॅडम?"

"उद्या सकाळपर्यंतच, कुंताबाई. वजन झालं की पोटभर खाईल. सहाशे ग्रॅम जास्त आहे."

"जास्त?" कुंता लेकीकडे बघत राहिली. स्वेटरांत बुडालेली ती काडी वरखाली होत होती. "अंगणवाडीच्या काट्यावर तीन वर्सं कमी वजनाच्या लाल खान्यात होती हे. तलावातली चांगली मासोळी इकली नाई मी, हिलेच चारली. हिरव्यात आली त्या दिशी अंगणवाडीच्या बाईनं मले नारळ देला." तिनं डबा पायरीवर ठेवला. "शंभर-शंभर ग्रॅम चढवले, मॅडम. तुमी एका दिसात सहाशे मांगून राह्यल्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वरच्या गटात घातली तर तिचा खांदा जाईल," रीना म्हणाली.

"मंग नका घालू."

"मग खेळूच देऊ नको?"

"ते मले काय ठाव? मॅडम तुमी आहा."

दोरी थांबली. आचल धापा टाकत जवळ आली. ओठ सुकून पांढरे पडले होते. डब्यातून मासोळीच्या रस्स्याचा वास येत होता. तिनं डब्याकडे बघितलंच नाही.

"ने तो डबा, आई. मी नाई खात. मले राज्याले जायचं हाय."

"अवं, एक घास..."

"एक घास बी नाई."

आणि ती परत अंगणात जाऊन उड्या मारायला लागली.

"शाबास!" रीनाच्या तोंडून निघून गेलं.

कुंतानं ते ऐकलं. डब्याची सुटलेली गाठ तिनं परत आवळली, डबा मांडीवर घेतला आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिली. घरी जायचं लक्षण दिसेना. मधे फक्त दोरीचा आवाज. सटक, सटक, सटक.

रीनानं वरणभात कालवला, त्यावर तुपाचं बोट फिरवलं आणि घास सोनूच्या तोंडापाशी नेला.

"आ कर, बेटा. मघापासून दोनच घास खाल्लेस. असं नाही करायचं."

सोनूनं ओठ घट्ट मिटले. अंगणातल्या आचलताईकडे बघितलं, मग वळून आईकडे.

"आई, मी नाई खाल्लं तं मलेही शाबास म्हणशील?"