नायरीची सरळ रेघ

“परत आलेत बघ, मेले ठोके,” नायरी म्हणाली. ऑफिसची बॅगही तिने अजून खांद्यावरून उतरवली नव्हती.

पडदा स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी टांगलेला होता. गॅरेजच्या काँक्रीटमध्ये तिने स्वतःच्या हाताने एक भूकंपमापक यंत्र बसवलं होतं. ते दिवसभर जी थरथर टिपायचं, तिची रेघ या पडद्यावर उमटायची. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, पण कान भारी तिखट. दूर टोंगा बेटांकडे जमीन हलली तरी त्याला कळायचं. घरात अशी यंत्रं लावून बसलेल्या हौशी मंडळींचा एक गट होता, आणि त्या गटात नायरीच्या रेघेचं नाव होतं. आता ती कामावर आणि लेक हुइया शाळेत गेली की रेघेत कसलेसे ठोके यायला लागले होते. एक उंच, एक ठेंगणा, मग काहीतरी घासत नेल्यासारखी खरखर. पुन्हा उंच, ठेंगणा, खरखर.

“आई, तुला भूकंप हवाय का शांतता, एकदा ठरव,” हुइया म्हणाली.

नायरीने वडिलांकडे मोर्चा वळवला. “पापा, तुम्ही तर गॅरेजला लागूनच्या खोलीत असता. काही ऐकू येतं का?”

“शेजारचा सेल्विन ठोकत असतो काहीबाही,” तामाती चाकांच्या खुर्चीतून म्हणाले. “होडी बांधतोय वाटतं.”

नायरी तशीच सेल्विनकडे गेली. त्याने कानांवर हात ठेवले. “होडी? अगं, मला पाण्यात पाय घालायची भीती वाटते.”

मग मात्र नायरी हट्टाला पेटली. सुट्टीचा अख्खा दिवस खर्ची घालून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. ठोका लहान असो की मोठा, उंच-ठेंगणा-खरखर ही चाल दिसली की तेवढी पुसून टाकायची. रेघ कशी, भांग पाडल्यासारखी सरळ झाली. गटातल्या लोकांनी वाहवा केली, दोघातिघांनी तो प्रोग्रॅम मागूनही घेतला. नायरी दोन दिवस हवेत होती.

“आज नाहीत का ठोके?” संध्याकाळी चहा घेताना तामातींनी विचारलं.

“एकही नाही.”

“नीट बघ.”

“बघितलं, पापा. लख्ख आहे.”

 त्यांचा चहा तसाच राहिला. नायरीला वाटलं, यांच्या डोक्यात मराएच घोळतंय.

मराएचा विषय हल्ली घरात कोणी काढत नसे. गावच्या मराएवर, म्हणजे सगळी घराणी जमतात त्या पवित्र आवारात, पूर्वजांच्या नावाचं नवं सभागृह उभं राहिलं होतं, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्या घराण्यातर्फे बोलायचं ते तामातींनीच. तिथे बोलायचं म्हणजे उभं राहून, हातात कोरीव काठी घेऊन, येरझारा घालत. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा पाय साथ देत नव्हता. मेहनत घेतलीत तर चालाल, असं डॉक्टर म्हणाले होते. व्यायाम शिकवायला आलेल्या पोरीला यांनी पहिल्याच दिवशी वाटेला लावलं. चार लोकांत धडपडणं त्यांना जमणारं नव्हतं.

“लोक बसून बोललेलं चालवून घेतील, पापा,” नायरीने एकदा म्हणून बघितलं होतं.

“बसून मी चहा मागतो,” तामाती म्हणाले होते. “पूर्वजांशी बोलत नाही.”

घराण्यात दुसरं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. ते उभे राहिले नाहीत, तर नव्या छपराखाली घराण्याचं नावच निघणार नव्हतं. नायरीला हेच खात होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती रेघेत डोकं घालून बसायची.

दिवस जवळ आला आणि तामाती एकदम म्हणाले, “येतो मी. माझी काठी घे गाडीत.”

नायरीने काठी घेतली. मांडीवर धरून बसतील, तेवढंच समाधान, असं तिला वाटलं.

त्या दिवशी वारा इतका सुटला की एरवी अंगणात होणारी भाषणं आतच घेतली. एकेक घराणं बोललं. यांची पाळी आली तशा सगळ्यांच्या नजरा चाकांच्या खुर्चीकडे वळल्या. नायरीने मान खाली घातली. 

आधी काठीचा आवाज आला. मग एका पायाचा, जरा हलका. मग कोऱ्या फळ्यांवरून घासत येणारा दुसरा पाय. पुन्हा काठी, पाय, खरखर.

नायरीच्या अंगावर काटा आला. ही चाल तिला पाठ होती. तिने मान वर केली तर तिचे वडील सभागृहाच्या मधोमध होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत, पणज्या-खापरपणज्यांची नावं खणखणीत आवाजात घेत. एका वळणावर ते डगमगले. कोणी हात पुढे केला नाही, आणि त्यांना तो लागलाही नाही. भाषण संपल्यावर बोलणाऱ्याच्या मागे त्याच्या माणसांनी उभं राहून गायचं असतं. नायरी सगळ्यांच्या आधी उठली. आजवर कशाचाही एवढा अभिमान तिला वाटला नव्हता.

जेवताना तिला राहवलं नाही. “पापा, गॅरेजमधले ते ठोके तुमच्या चालण्याचे होते. आणि मी ते पुसत बसले. बंद झाले नव्हते, पापा. मी मुद्दाम प्रोग्रॅम लिहिला त्यासाठी.”

तामातींनी हातातलं रताळं ताटात ठेवलं. आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसले.

“म्हणजे ती तुझी करामत होती होय. मला वाटलं, जोर कमी होऊन माझा पाय इतका हलका पडतोय की तुझ्या यंत्रालासुद्धा पत्ता लागत नाही. म्हणून तर रोज दुप्पट चालत होतो.”