युरोपभर वाजलेला पाळणा

टीव्हीवर उघड्या खांद्यांच्या पोरी ढोलाच्या ठोक्यावर नाचत होत्या, आणि त्यांच्या मागून कोणी बाई तंजावरी मराठीत पाळणा म्हणत होती.

"नीज रे वेंकटराया, कावेरीच्या काठी नीज..."

शेषम्माबाईंच्या हातातली कॉफी लुगड्यावर सांडली. ती पुसण्याचेही भान त्यांना राहिले नाही.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत केबल नुकतीच आली होती. बहिणीचा मुलगा श्रीकर याने सकाळी हँबर्गहून फोन केला होता. "मावशी, संध्याकाळी परदेशी गाण्यांचं चॅनेल लाव. इकडे सगळे आपल्या मराठीवर नाचताहेत!" त्याला गंमत वाटली होती. पडद्यावरचा निवेदकही हसत हसत इंग्रजीत सांगत होता. जर्मनीत, बेल्जियममध्ये, इटलीत हे गाणे सर्वांत वर होते. स्टॉकहोमची मुले एका शब्दाचाही अर्थ न कळता ते तोंडपाठ म्हणत होती. आवाज एका जुन्या टेपवरून उचललेला होता. गाणारी कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

शेषम्माबाईंना मात्र ठाऊक होते. तो पाळणा त्यांच्या घराण्याचा होता. सासूने सुनेला शिकवायचा आणि बाळाचे नाव घालून बारशालाच म्हणायचा, दुसरीकडे कोठेही नाही. आणि त्यात नाव कोणाचे? वेंकटरावांचे! जन्मभराच्या संसारात शेषम्माबाईंनी पतीचे नाव कधी ओठांवर येऊ दिले नव्हते. ते गेले त्याच वर्षी नातू झाला. रीतीप्रमाणे त्याला आजोबांचे नाव ठेवले, आणि म्हणूनच सासू आणि सून दोघीही त्याला आजतागायत नुसते अप्पू म्हणत. त्या बारशाला शेषम्माबाई पाळण्यापाशी गेल्या नाहीत. विधवेने तेथे गायचे नसते. पाळणा म्हणण्याचा मान त्या दिवशी सुनेचा होता.

"सरोजा!"

सरोजा अडईच्या डोशांच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिने पडद्याकडे पाहिले आणि ती जागीच थिजली.

"हा तुझा आवाज ना?"

सरोजाची नजर माडीच्या जिन्याकडे गेली.

"ती डच बाई अप्पूच्या बारशाच्या वेळी माडीवर राहायची. पोथ्या वाचायला आलेली. उखळाचा आवाजसुद्धा यंत्रात भरून घ्यायची ती. तिच्यापुढे गायलीस? सासऱ्याचं नाव घेऊन?"

"आई, सोड की," आरामखुर्चीतून सांबशिव म्हणाला. "गाणंच तर आहे."

"तू गप्प बस. तुझ्या बापाच्या नावावर लोक दारू पिऊन उड्या मारताहेत. तुलाही मारायच्या असतील तर ऊठ, मार!"

सांबशिवाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

"होय, आत्याबाई," सरोजा हळूच म्हणाली. "मीच. चूक झाली."

"मग उद्या सकाळच्या बसने पापनाशमला जा. माहेरी राहा. मी बोलावीन तेव्हा ये, आणि नाही बोलावलं तर येऊ नको." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. "पण जाण्याआधी एवढं सांग. भरलं घर, मांडीवर पहिला मुलगा. आणि ऐक, ऐक ती बाई कशी गातेय! प्रत्येक ओळीला गळा भरून येतोय तिचा. बाळापाशी असं रडत गातात? या घरात तुला एवढं काय दुःख होतं गे?"

सरोजा बोटांवरचे पीठ खरवडू लागली.

"सांगता येत नाही? मग गा. माझ्यासमोर गा."

सरोजाने पदराला हात पुसले आणि सुरुवात केली. तिचा आवाज बारीक होता, गोड, थोडासा कापरा. "नीज रे..." एवढे म्हणून ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेथेच थांबली. ओठ हलले, पण पुढचे नाव बाहेर पडेना.

शेषम्माबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. हा गळा तो नव्हता. आणि या ओठांनी ते नाव आजवर एकदाही घेतलेले नव्हते.

"बारशाला काय म्हणालीस मग?"

"नुसतं बाळराया म्हटलं."

"तर मग ही कोण?"

सरोजाने एकदा नवऱ्याकडे पाहिले. सांबशिवाचे वर्तमानपत्र खाली आले होते.

"बारशाच्या दुपारी पंगत बसली होती. तुम्ही अप्पूला उचललंत, मागच्या खोलीत गेलात आणि दार लावून घेतलंत. वर माडीची खिडकी उघडी होती, आणि त्या बाईचं यंत्र चालू असणार."

शेषम्माबाई पडद्याकडे वळल्या. ती दुपार त्यांनी देवापुढेही कबूल केली नव्हती. आणि आपलाच आवाज यंत्रातून जन्मात प्रथमच त्यांच्या कानांवर पडत होता. पडद्यावर हजारो हात वर गेले होते, आणि एक विधवा आपल्या नवऱ्याला नावाने हाका मारत होती.

"तुला... तुला कसं कळलं?"

"दाराबाहेर मी उभी होते, आत्याबाई," सरोजा म्हणाली. "कोणी आत येऊ नये म्हणून."